चालतीचं टोक

कामाला निघताना मी दार ओढून घेतलं आणि कुलूप पडायची वाट बघत उभा राहिलो. आमच्याकडे कुलूप आपण लावायचं नसतं. घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडलं की ते आपोआप पडतं, खट्ट असा आवाज होतो आणि मग माणूस जिना उतरतो. त्या सकाळी आवाज झाला नाही. चौकटीतली बाई बोलली. ती बाई म्हणजे नुसता आवाजच, पण सगळे तिला चौकटीतली बाई म्हणतात. "आत एक व्यक्ती आहे," ती म्हणाली, "दार उघडं ठेवत आहोत." मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. दार उघडून परत ओढलं. "आत एक व्यक्ती आहे." आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. दुकानात एखादी वस्तू शिल्लक आहे असं सांगावं, तसं. मी आत गेलो. आमच्या दोनच खोल्या. पहिली एका नजरेत दिसते. दुसरीत पलंग, कपाट आणि कपाटाच्या मागे झाडू मावेल एवढी फट. मी फटीतही पाहिलं. न्हाणीघरात पाहिलं. पडदा बाजूला करून पाहिला. चोर शिरला असेल असं एकदाही मनात आलं नाही, हे नंतर रस्त्यात माझ्या लक्षात आलं. चोराला शोधणारा माणूस पाय न वाजवता शोधतो. मी मात्र मधल्या दारात उभा राहून "अगं" अशी हाक मारली होती. लग्न झाल्यापासून मी तिला अगं म्हणालो आणि ती मला अहो. या दोन शब्दांवर आमचा सगळा संसार निघाला. उन्हाळ्यात ती गेली. त्यानंतर तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता. काढला तेव्हा छताच्या कोपऱ्यात पाल चुकचुकली.

पाल म्हणजे खरी पाल नव्हे. तळहाताएवढी मळकट पांढरी डबी, घराघरात, प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात चिकटवलेली. तिचं सरकारी नाव लांबलचक आहे. ती मधूनच चुकचुकते म्हणून लोकांनी पाल म्हटलं. का चुकचुकते ते कुणाला ठाऊक नाही. मोजते तेव्हा चुकचुकते, असं म्हणतात. सुरुवातीला लोक घाबरायचे, मग तिच्यावर विनोद करायला लागले, मग विनोदही बंद झाले आणि ती नुसतीच राहिली. पूर्वी म्हणे भिंतींना कान असायचे. या पालीला कान नाहीत, डोळेही नाहीत, ती फक्त चाल ओळखते. चेहरा झाकता येतो, आवाज बदलता येतो, पण स्वतःची चाल कुणालाच बदलता येत नाही, असं पाली बसवताना सांगितलं होतं. तरी कान नाहीत यावर कुणाचा विश्वास नाही. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत चांगलं बोलायचं असलं की आवाज चढतो. भांडणं कुजबुजत होतात.

चाल नोंदवायला आम्ही दोघं बरोबर गेलो होतो. एक लांबट हॉल होता, त्यात करड्या रंगाची पट्टी अंथरलेली, तिच्यावरून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मी गेलो. माझं एका फेरीत झालं. ती मात्र दोन पावलं जायची, थबकायची, मागे अर्धी वळायची आणि मग पुढे निघायची. कारकून वैतागला. "बाई, सरळ चाला की. कुणी मागून हाक मारतंय का?" ती म्हणाली, "नळ चालू राहिलाय असं वाटतं हो मला सारखं." "इथे कुठला आलाय नळ?" "तेच तर!" रांगेतले सगळे हसले. तिलाही हसू आवरेना. हसताना ती एक हात पोटावर धरायची. तिला पुन्हा पुन्हा चालायला लावलं आणि प्रत्येक वेळी ती दोन पावलांवर थबकलीच. शेवटी कारकून म्हणाला, "असू दे. हीच चाल म्हणायची." आणि तीच नोंदली गेली. त्याशिवाय वळताना तिचा डावा पाय जरासा मागे राहायचा, तोही नोंदला गेला असणार. घरी येताना ती म्हणाली, "अहो, सरकारलासुद्धा कळलं मी विसराळू आहे."

रस्त्याने चालताना मी पाली बसवलेल्या खांबांकडे पाहिलं नाही. कुणीच पाहत नाही. दार उघडं टाकून आलो होतो, तरी चोराची भीती वाटत नव्हती. चोराचीही चाल असतेच. पण छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, आणि ते दुःख नव्हतं. दुःख मला आता ओळखू येतं, ते सकाळी दात घासताना येतं. हे वेगळं होतं. गर्दीत आपल्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवावा आणि वळून पाहायचा धीर होऊ नये, तसं काहीतरी.

मी हॉटेलांच्या धुलाईच्या कारखान्यात आहे. तळघरात मोठी यंत्रं, वर इस्त्रीचे रोलर आणि त्यांच्यापुढे घड्या घालायची जागा. लहान कपड्यांच्या घड्या यंत्र घालतं. मोठ्या चादरी अजून माणसंच घालतात, एका चादरीला दोन माणसं. एकजण उभा राहतो, दुसरा चालतो. चालणारा आपली टोकं घेऊन उभ्याकडे येतो, त्याच्या हातात देतो, वाकून खाली लोंबणारी घडी उचलतो, मागे जातो, परत येतो. आम्ही त्याला उभ्याचं टोक आणि चालत्याचं टोक म्हणतो. इतकी वर्षं मी उभा आणि ती चालती. दिवसभर ती माझ्याकडे यायची आणि जायची. लोक म्हणायचे, तुमचं बरं आहे, बायको एका दिवसात इतक्या वेळा कुणाकडे येते! ती गेल्यावर मुकादमाने मला नवा जोडीदार दिला. त्याला सगळे गुडघे म्हणतात, कारण बोलण्यात दुसरा विषय नसतो. पहिल्या दिवशीच तो म्हणाला, "हे बघ दोस्ता, माझे गुडघे रजेवर आहेत. मी खांबासारखा उभा राहतो. वहिनींचं टोक तू घे." मी घेतलं. पहिले काही दिवस पोटऱ्या दुखल्या. मग दुखायच्या थांबल्या.

त्या सकाळी गुडघे म्हणाला, "काय झालं? चादर तुझ्याकडे बघतेय आणि तू भिंतीकडे."

"दार बंद होईना," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"घराचं. आत माणूस आहे म्हणे."

चादर आमच्या दोघांच्या मध्ये ताणलेली होती. त्याने तिच्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मग वर पाहिलं. कारखान्यात पाली खूप आहेत. "मशीन आहे बाबा," तो मोठ्याने म्हणाला, "माणसापेक्षा हुशार असतं." मग मी जवळ गेल्यावर, टोकं हातात घेता घेता, ओठ न हलवता म्हणाला, "कळवलंस का?"

"नाही."

"कळव."

मी कळवलं नाही. संध्याकाळी घरी आलो आणि दाराशी उभा राहिलो. चौकटीतली बाई म्हणाली, "आत एक व्यक्ती आहे. आपलं स्वागत आहे." कित्येक आठवडे ती मला "घर रिकामं आहे" म्हणत होती. तिला वाईट वाटायचं कारण नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं. आता मी बूट काढताना म्हटलं, "आलो गं." उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. मला भीती वाटत होती आणि ती भीती जाऊ नये असंही वाटत होतं. मी जेवलो, भांडी घासली, नळ बंद झालाय का ते पाहिलं. हे पूर्वी मी पाहत नसे. घरात एक माणूस ते पाहणारं असलं की दुसऱ्याला पाहावं लागत नाही. आता पाहायलाच हवं ना कुणीतरी. मग खुर्चीत बसलो आणि अंधार पडेपर्यंत दुसऱ्या खोलीकडे बघत राहिलो. पडद्याची कड जमिनीला टेकत नाही, बोटभर फट राहते. त्या फटीत पावलं दिसतील असं वाटत होतं. दिसली नाहीत. पाल मधूनच चुकचुकत होती, कधी या खोलीत, कधी त्या.

असे काही दिवस गेले. लोकांना वाटेल की मला वेड लागलं होतं, पण तसं नव्हतं. मी कामावर जात होतो, भाजी आणत होतो, मुलीशी फोनवर बोलत होतो. फक्त बाहेर पडताना दाराशी थांबायचो आणि ती बाई बोलेपर्यंत श्वास धरून ठेवायचो. "आत एक व्यक्ती आहे." मग जिना उतरायचो. घरी कुणीतरी आहे म्हणून जसं एखाद्याचं कामात लक्ष लागतं, तसं माझं लागत होतं. मुकादम म्हणाला, "रंग परत आला तोंडावर." रात्री झोप यायची. मी पलंगाच्या माझ्या कडेला झोपायचो. तिच्या बाजूला हात टाकला नाही कधी. लागला असता रिकामेपणा हाताला. लागला नसता तर काय, हा विचार मी पुरा करत नसे.

मग बोलावणं आलं. दिवसाचं, रीतसर. ज्या इमारतीत बोलावलं ती बाहेरून दवाखान्यासारखी आणि आतून बँकेसारखी होती. तपासनीस बाई माझ्या मुलीच्या वयाची, केस घट्ट बांधलेले, सर्दी झालेली. रुमालाने नाक पुसत म्हणाली, "बसा काका. पाणी?" मी नको म्हटलं. "तुमच्या घरात तुमच्याशिवाय कोण राहतं?"

"कुणी नाही. बायको होती. ती गेली."

"हो, वाचलं मी. वाईट झालं." तिने ते मनापासून म्हटलं. "अडचण अशी आहे काका, की यंत्राच्या हिशेबाने त्या गेल्याच नाहीत. हॉस्पिटलचा दाखला आहे आमच्याकडे. पण घरातून त्या चालत बाहेर गेल्याची नोंद नाही."

"स्ट्रेचरवरून नेलं तिला," मी म्हटलं.

"तेच. यंत्र चालणारं माणूस मोजतं. उचलून नेलेलं मोजत नाही. तरी दाखला आला तेव्हा आम्ही त्यांची नोंद बंद केली होती. पण आता त्या तुमच्या घरात चालतायत. दारातून आत आल्याची नोंद नाही, म्हणून यंत्र म्हणतं, त्या आतच होत्या."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. मला वाटलं होतं घराचं चित्र दिसेल. तसं काही नव्हतं. काळ्यावर पांढऱ्या रेघा. डोकं म्हणजे एक ठिपका, गुडघे ठिपके, कोपर ठिपके, आणि ते रेघांनी जोडलेले. आधी एक आकृती आली, ती मी होतो. मी मला ओळखलं नाही, तिने सांगितलं म्हणून कळलं. आकृती खुर्चीत बसली. बराच वेळ तशीच होती, तपासनीस बाईने ते भराभर पुढे ढकललं. मग आकृती उठली. दोन पावलं आली. थबकली. मागे अर्धी वळली. आणि निघाली, आणि वळताना डावा पाय जरा मागे राहिला. चेहरा नव्हता, लुगडं नव्हतं, केस नव्हते, काहीच नव्हतं. नुसती तीच होती. माणसाचं सगळं काढून घेतलं आणि चालणं तेवढं ठेवलं, तर ते इतकं त्याचं असतं हे मला माहीत नव्हतं. तिचे फोटो आहेत घरी, पण फोटोंत ती सगळीकडे बसलेली आहे, नाहीतर कॅमेऱ्यासाठी ताठ उभी.

"खुर्चीत बसता तुम्ही, काका," तपासनीस बाई म्हणाली. "उठतात त्या."

"परत दाखवता?"

तिने परत दाखवलं. मी आणखी एकदा म्हटलं तेव्हा तिने पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

तिने मग समजावून सांगितलं. तिचं कामच होतं ते, आणि तिला ते चांगलं येत होतं. सरकारला नको असलेली काही माणसं पळालेली आहेत. त्यांना स्वतःच्या चालीने रस्त्यावर येता येत नाही, म्हणून ती मेलेल्यांची चाल शिकतात. घरचंच कुणीतरी शिकवतं. मेलेल्याची चाल चालणं गुन्हा आहे आणि चालू देणं त्याहून मोठा. "पण तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही," ती म्हणाली. "दोघं एकाच वेळी चालताना कधीच दिसत नाहीत. ते तुम्हीच आहात. होतं असं, दुःखात होतं. पूर्वीही पाहिलंय मी. आमच्याकडे त्याला सोय आहे. तुम्ही तोंडाने सांगायचं की तो मीच. मग त्यांची चाल आम्ही मिटवू, आणि तेवढा भाग तुमच्या चालीला जोडून देऊ. यंत्राला तुम्ही एकटेच दिसाल. दार नीट बंद होईल."

"मिटवू म्हणजे?"

"म्हणजे काढून टाकू. नमुना, रेकॉर्डिंग, सगळं. गेलेल्या माणसांचं ठेवत नाही आम्ही. जागा लागते."

"आणि मी म्हटलं की घरात बाई होती?"

तिला शिंक आली, ती रुमालात दाबली. "मग आसरा दिल्याचा गुन्हा. पायाला पट्टा, घर ते काम आणि काम ते घर. नातेवाइकांना येता येणार नाही, मुलीलासुद्धा. शोध संपेपर्यंत."

"शोध?"

"त्या बाईचा. चाल सगळीकडे पाठवावी लागते. प्रत्येक खांबाला, प्रत्येक दाराला, प्रत्येक पालीला." पाल हा शब्द तिच्या तोंडून निसटला आणि ती जराशी ओशाळली. "सापडेपर्यंत नमुना मिटवता येत नाही."

"सापडलीच नाही तर?"

"तर शोधत राहतो. आम्ही शोध बंद करत नाही, काका." हे तिने मला भीती वाटावी म्हणून सांगितलं होतं.

जाण्याआधी तिने मला तिथल्याच पट्टीवर चालायला सांगितलं, त्या चालतात तसं. मी चाललो. दोन पावलं गेलो, थांबलो, मागे वळलो. पडद्यावर मीच दिसत होतो, बायकोची नक्कल करणारा एक म्हातारा. पुन्हा चाललो. डावा पाय मुद्दाम मागे ठेवला तर तोल गेला. "राहू द्या," ती म्हणाली. "ठरवून होत नाही ते. घरी जा, विचार करा, परवा या."

घरी गेलो ते पाय उचलून टाकतोय हे स्वतःला जाणवत. खुर्चीत बसलो. आता उठलो तर कोण उठेल, हे पाहायला हवं होतं, म्हणून उठलो. मीच उठलो. नळाकडे गेलो, तो मीच गेलो. पाल चुकचुकली तेव्हा मला वाटलं तीही वाट बघतेय. जुनी चादर काढली, एक बाजू दाराच्या कडीला अडकवली आणि घड्या घालायला लागलो, येताना मी, जाताना मी. पायांकडे बघितलं की ते माझे होतात, आणि न बघता राहवत नव्हतं. इतके दिवस ती माझ्या पायांत येऊन जात होती आणि मी पडद्याच्या फटीकडे बघत बसलो होतो. आता मला कुणीतरी ती जागा दाखवली आणि दाखवल्याबरोबर ती जागा बंद झाली. रात्रभर पालीला मीच दिसलो असणार. दुसऱ्या दिवशी कामावर निघालो. दार ओढलं. खट्ट. जिन्यात मी कठडा धरून उभा राहिलो. हॉस्पिटलात डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी रडलो नव्हतो, तेव्हा करायची कामं होती.

मुलगी त्या दिवशी संध्याकाळीच आली. तिलाही फोन गेला होता. आल्या आल्या छताकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, किती समजूतदारपणा दाखवलाय हो त्यांनी! दुसऱ्या कुणाला दाखवला असता का?" मग स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली, नळ मोठा सोडला आणि भांडी विसळत असल्यासारखं करत हळू म्हणाली, "हो म्हणा आणि मोकळे व्हा."

"तिला मिटवणार आहेत ते."

"कुणाला? रेघा आहेत बाबा त्या. आई काय त्या डबीत बसलीय?"

"मी पाहिली तिला."

"मलाही आठवते की ती." तिने भांडं आपटलं. "मला नाही आठवत असं वाटतं का तुम्हाला? दोन पावलं गेली की थांबायची. शाळेत सोडायला यायची तेव्हा दोन पावलांवर थांबायची आणि मला वाटायचं माझ्यासाठी थांबली. तर ती नळासाठी!" ती हसली आणि हसताना तिने एक हात पोटावर धरला. मग तिचे डोळे भरले. "तुम्ही तिकडे काही वेडंवाकडं बोललात तर मला येता येणार नाही, माहिताय ना? मला आता तुम्हीच आहात. जिवंत माणूस सोडून मेलेल्याच्या मागे जायचं असतं का?"

तिचं सगळं बरोबर होतं. ती निघाली तेव्हा मी दारात उभा राहून ती जिना उतरताना बघत राहिलो. मनात होतं की एकदा तरी ती थबकेल, मागे वळेल. ती भरभर उतरली. तिची चाल माझ्यावर गेलीय.

ठरल्या दिवशी गेलो. तपासनीस बाईची सर्दी गेली होती. तिने एक कळ दाबली आणि म्हणाली, "बोला काका. घरात कोण चालत होतं?" मी रात्रभर ठरवून गेलो होतो की मीच, असं म्हणायचं. शब्द तोंडात होता. तेवढ्यात मला ती काळ्या पडद्यावरची आकृती आठवली, आणि कुणीतरी ती मिटवत असल्याचं दिसलं. ओला फडका घेऊन नव्हे, नुसतं एक बोट दाबून. मग हॉल आठवला, करडी पट्टी, कारकून. हीच चाल म्हणायची. मी खाली मान घालून म्हटलं, "एक बाई होती."

तिने खुर्ची पुढे ओढली. "काका, नीट विचार करा."

"होती. मी ठेवून घेतली होती. तुमच्याकडे येऊन गेलो त्या रात्री ती निघून गेली."

"कुठे?"

"सांगितलं नाही तिने."

"खोटं बोलताय तुम्ही," ती हळूच म्हणाली. "मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे."

"यंत्र खोटं बोलतं का?" मी विचारलं. यंत्राने बाई पाहिली होती. तिने कळ दाबून ते बंद केलं आणि कुणालातरी पट्टा घेऊन यायला सांगितलं. पट्टा बसवणाऱ्या माणसाने वाकून माझ्या घोट्याचं माप घेतलं आणि म्हणाला, "घट्ट झाला तर सांगा."

मुलीचा एकच फोन जोडून दिला त्यांनी. मागून तिच्या घरातले आवाज येत होते. मग म्हणाली, "बरं. आई सापडली की सांगा तिला, मुलगी आठवण काढत होती." आणि ठेवला. तिने ते टोचावं म्हणून म्हटलं होतं. टोचलं. अजून टोचतं. जेवताना, बूट घालताना. मुलीचा चेहरा मी विसरत चाललोय असं कधी वाटतं, मग कळतं की विसरत नाहीये, नुसता घाबरतोय.

आता खांब शोधतात. मी घरून कामावर जातो तेव्हा बघतो. पूर्वी वर बघत नसे, आता बघतो. खांबावरच्या डब्या कुणी बाई जवळून गेली की किंचित वळतात, तिच्या पावलांवरून फिरतात आणि परत सरळ होतात. ही नव्हे. पुढची. ही नव्हे. बाजारात, पुलावर, दवाखान्याच्या दारात, मी कधी गेलो नाही त्या गावांतसुद्धा, दिवसरात्र. एवढं मोठं सरकार, एवढे खांब. ती कुठे थबकते का, ते सगळे बघतायत. माझ्या एकट्याने ते झालं नसतं.

काल कारखान्यात तपासनीस बाई दोन माणसांना घेऊन आली. ती आता मला काका म्हणत नाही. रोलर बंद करायला लावले. इतक्या वर्षांत मी तिथे कधी शांतता ऐकली नव्हती. संशयित बाई याच भागातली असू शकते, ती म्हणाली, यंत्राला माणसांची मदत हवी. बघून चाल लक्षात राहत नाही, चालून राहते, तेव्हा प्रत्येकाने चालून शिकायची. भिंतीवर काळा पडदा लावला आणि त्यावर ती आली. दोन पावलं. थबकली. मागे वळली. निघाली. सगळ्यांनी पाहिलं. यांतल्या निम्म्या लोकांनी तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेलं, तिच्या डब्यातलं खाल्लेलं. मुकादमाच्या मुलीचे कपडे तिने शिवलेले. "कुणी ओळखतं का?" तपासनीस बाईने विचारलं. मुकादमाने आधी पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही बाईसाहेब," तो म्हणाला. "नाही," दुसरं कुणी म्हणालं. "नाही, नाही." गुडघे सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "अशी कोण चालते हो? नळ चालू राहिल्यासारखी!" आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांना रांगेत उभं केलं आणि चालायला लावलं. यंत्रांच्या मधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बाया आणि पुरुष, दोन पावलं आणि थांबा, अर्धं वळा, चला. आधी कुणी नीट करेना, हसू दाबत होते. मग हसू गेलं. गुडघेही लंगडत चालला. त्यांच्या सावल्या चादरींच्या गठ्ठ्यांवरून जात होत्या. तपासनीस बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "तुम्ही तिला पाहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. बरोबर चालतायत का?"

मी बघत राहिलो. खूप जवळ आलं होतं ते. एकदोघींचं तर इतकं जवळ की मी अर्धं पाऊल पुढे टाकलं.

"नाही," मी म्हटलं. "वळताना डावा पाय मागे राहायला हवा. जरासाच."

"ऐकलंत ना?" ती सगळ्यांना म्हणाली. "डावा पाय."

"परत चालायला सांगा," मी म्हटलं. "मी थांबा म्हणेपर्यंत."